लिफ्टवाल्याचं विमान

माझे भाऊजी भित्रे आहेत. हे मी पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोललेलो आहे, आणि त्यांना त्याचा राग येत नाही. ताईशी लग्न ठरल्यावर ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा बसण्याआधी त्यांनी वर पंख्याच्या हुकाकडे तीन वेळा पाहिलं आणि खुर्ची हातभर बाजूला सरकवली. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि जीभ लांब होती. ताईला म्हटलं, हा माणूस तुला सुखात ठेवील, फक्त जिन्यावरून पळू देणार नाही.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. अठ्ठावीस वर्षं झाली. कामावर त्यांना सगळे ‘तीनदा’ म्हणतात, कारण कुठलीही गोष्ट ते तीन वेळा तपासल्याशिवाय सोडत नाहीत. कामाला लागले त्या पहिल्याच वर्षी त्यांना शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीचा हात पुलीत असताना खाली कुणीतरी मेन स्विच चालू केला. मिस्त्रीची दोन बोटं गेली. स्विच बंद आहे हे भाऊजींनी एकदा पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं, एकदा बघणं म्हणजे न बघणंच. तेव्हापासून गॅस तीनदा, कुलूप तीनदा, रस्ता ओलांडतानाही उजवीकडे, डावीकडे आणि परत उजवीकडे. त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे डोक्याला ताप.

अशा माणसाच्या पोटी विमान उडवायला निघालेली मुलगी यावी, याला काय म्हणायचं. माझी भाची, घरात तिला सगळे छोटी म्हणतात, परीक्षेत चांगली आली, गावाबाहेरच्या विमान शिकवणाऱ्या क्लबात तिला शिष्यवृत्तीची जागा मिळाली, आणि भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. नाही मात्र म्हणाले नाहीत. ते फोन करू लागले. आज ढग आहेत, उडवणार का, म्हणून एक फोन. धावपट्टीजवळ घारी फिरतात असं ऐकलं, म्हणून दुसरा. विमानाच्या मेकॅनिकची झोप पुरी झाली आहे ना, हे विचारायला तिसरा. चौथ्या फोनानंतर क्लबातली सगळी पोरं छोटीला ‘फोनवाल्यांची’ म्हणायला लागली. ती घरी येऊन रडली, भाऊजींनी माफी मागितली, आणि दोन दिवसांनी पाचवा फोन केला.

मग ती पडली. म्हणजे विमान उतरवताना पुढच्या चाकावर आपटलं, तीन उड्या मारल्या आणि वाकडं होऊन थांबलं. एकटीने उडवायची तिची ती दुसरीच वेळ. डाव्या मनगटाला चीर गेली, बाकी काही नाही. पण तिला प्लास्टर घालून घरी आणलं त्या दिवशी मी भाऊजींच्या हातात पाण्याचा पेला दिला तर अर्धं पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं. ताई त्यांच्यावर ओरडली. ती घाबरली की ओरडते.

क्लबाच्या मुख्य शिक्षिका म्हणजे एक निवृत्त पायलट बाई, सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणतात. बोलणं मोजकं. त्यांनी चूक कुठे झाली ते बरोबर शोधून काढलं. छोट्या विमानात दोन सीटच्या मधे एक चाक असतं, त्याला ट्रिम म्हणतात. विमानाचं नाक वर किंवा खाली धरून ठेवायला हाताने सारखा जोर लावावा लागतो, तो जोर हे चाक फिरवलं की चाक घेतं आणि हात मोकळा राहतो. छोटीच्या आधीच्या शिक्षकाला सवय होती, तिच्या शेजारी बसून तो स्वतःच ते चाक फिरवून द्यायचा, न बोलता. तो नोकरी सोडून गेला आणि पोरीला कळलंच नाही की असं चाक आपण फिरवायचं असतं. मॅडम म्हणाल्या, तीन महिने विश्रांती, मग मी तिची चाचणी घेईन. शेजारी बसून दोन फेऱ्या. जमलं तर त्याच सकाळी तिने एकटीने उडवायचं. नाही जमलं तर जागा रांगेतल्या पुढच्याला. आणि घरून आणखी एक फोन आला तर मी समजेन की मुलगी तयार नाही, चाचणी घेणारच नाही.

छोटीने भाऊजींकडून वचन घेतलं. पुन्हा फोन नाही. त्यांनी दिलं.

त्यांनी तिला विनवून पाहिलं, विमान सोड, जमिनीवर पुष्कळ कामं आहेत. ती ऐकेना. मग आठवड्याने एक दिवस ते माझ्या दुकानात आले. माझं छपाईचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. म्हणाले, "तिला पडायचंच असेल तर आमच्या मागच्या खोलीत पडू दे. तिथे पडून कुणी मरत नाही." आणि त्यांनी खिशातून एक चित्र काढलं. पेन्सिलीने, पट्टी लावून काढलेलं, विमानाच्या कॉकपिटचं.

ताईचं शिवणयंत्र मागच्या खोलीतून बाहेर आलं आणि मोडीत निघालेल्या गाडीची सीट आत गेली. सीटसमोर कॉम्प्युटरचा पडदा, त्यात विमान उडवायचा खेळ. विमान वळवायचा दांडा पाण्याच्या पाइपाचा, तो आतबाहेर सरकायला टेबलाच्या ड्रॉवरच्या पट्ट्या. पायाखालचे पेडल व्यायामाच्या सायकलीचे. बटणं लिफ्टची, जुनी, त्यावर मजल्यांचे आकडे तसेच. तळमजला दाबला की उतरतानाचा दिवा लागे आणि तिसरा मजला दाबला की पंखांच्या मागच्या फळ्या खाली येत. एक मोठं लाल बटण होतं, लिफ्ट मधेच थांबवायचं. ते दाबलं की पडद्यावरचं सगळं आकाश जागच्या जागी थांबत असे. हे बटण भाऊजींनी सगळ्यात आधी बसवलं.

या सगळ्याच्या मधे काडेपेटीएवढा एक बोर्ड होता, मायक्रोकंट्रोलर. दांडा, पेडल, चाक, प्रत्येकाला एक पॉट जोडायचा, रेडिओचा आवाज कमीजास्त करायच्या बटणाखाली असतो तसा. पॉटला तीन वायरी. कडेच्या दोन वीज द्यायला आणि मधली खबर आणायला. दांडा कुठे आहे ही खबर बोर्डाला आकड्यात मिळते, शून्यापासून एक हजार तेवीसपर्यंत, बोर्ड ती कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटरमधलं विमान तसं वळतं. बोर्डाने काय करायचं हे लिहून द्यावं लागतं. भाऊजी ते व्हिडिओ बघून एका बोटाने टाइप करून शिकले. पडद्यावर वाचता येईना म्हणून माझ्याकडून मोठ्या अक्षरात चार पानं छापून घेतली आणि लाल पेन्सिलीने ओळ न् ओळ टिपली, तीनदा.

आधी विमान थरथरायचं. दांड्याला कुणी हात लावलेला नसला तरी आकडा पाचशे अकरा, पाचशे चौदा, पाचशे नऊ असा नाचायचा. भाऊजींना ते बघवेना. त्यांनी बोर्डाला लिहून दिलं की दहा वेळा वाच, सरासरी काढ, मगच सांग. थरथर थांबली. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही बोर्डालाही तुमच्यासारखंच केलंत. ते हसले. त्या तीन महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या जिवावर येतं, पण सांगितलंच पाहिजे. ट्रिमचं चाक बसवलं त्या दिवशी छोटी प्लास्टर काढायला दवाखान्यात गेली होती. चाक म्हणजे लिफ्टच्या दाराची रबर लावलेली पुली. भाऊजी खाली वाकून वायरी बांधत होते आणि मी उगाच सीटवर जाऊन बसलो होतो. चाकाला हात लावला आणि वर ढकललं. पडद्यावर विमानाचं नाक खाली गेलं.

"भाऊजी, हे उलटं लागलंय," मी म्हणालो.

ते उठले, त्यांनी स्वतः फिरवून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. वीज गेली आणि लिफ्टमधे माणसं अडकली की मिस्त्री वर मशीनच्या खोलीत जातो, ब्रेक सोडतो आणि मोटरचं मोठं चाक हाताने फिरवून लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणतो. भाऊजींच्या सगळ्या मशीनींवर चाक वर ढकललं की लिफ्ट वर जाते. अठ्ठावीस वर्षं त्यांचा हात हेच करत आला आहे. त्यांनाही ते उलटंच वाटलं. त्यांनी पॉटच्या कडेच्या दोन वायरींची अदलाबदल केली. मग तपासलं. चाक वर, नाक वर. चाक खाली, नाक खाली. तीनदा. मी दुकानातून लेबल छापून आणलं, ‘नाक वर’, त्यावर वर जाणारा बाण, आणि स्वतःच्या हाताने चाकाशेजारी चिकटवलं. छोटी आली तेव्हा दोघे शहाणे तिच्यासमोर छाती काढून उभे होतो.

तिने ते चाक खऱ्या विमानात कधी फिरवलंच नव्हतं. भाऊजी म्हणाले, वर फिरवलं की नाक वर. ती म्हणाली, बरं.

पहिल्या दिवशी ती नऊ वेळा पडली. ताई प्रत्येक धडाक्याला स्वयंपाकघरात भांडं आपटायची आणि शेवटी बाहेर निघून गेली. भाऊजी छोटीच्या मागे उभे, एक हात लाल बटणावर. हळूहळू पडणं कमी झालं. महिन्याभरात तिचा हात न बघता चाकावर जायला लागला. मॅडमनी सांगितलेला कठीण प्रकारही ती करायची: उतरता उतरता बेत रद्द, इंजिनाला पूर्ण जोर, परत वर. त्या क्षणी विमानाचं नाक एकदम आकाशाकडे उठतं, ते चटकन चाकाने खाली आणावं लागतं. नाही आणलं तर वेग मरतो आणि विमान दगडासारखं खाली येतं. तिचा हात ते आपोआप करायचा. सत्तेचाळीस दिवस तिने हे केलं, दिवसाला निदान दहा वेळा.

चाचणीच्या सकाळी मी तिला बसमधे बसवून भाऊजींकडे चहाला आलो. सव्वाआठच्या सुमाराला ताईच्या फोनवर छोटीने फोटो पाठवला. ती विमानात बसलेली, हसते आहे, कानावर हेडफोन. खाली लिहिलं होतं, आता फोन बंद करते, आई. ताईने डोळे पुसले आणि फोन भाऊजींना दिला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला. पट्टा नीट लावला आहे का ते पाहिलं. दार नीट लागलं आहे का ते पाहिलं. मग त्यांचं बोट तिच्या गुडघ्यापाशी थांबलं. मला म्हणाले, "तू छपाईवाला आहेस. हे काय लिहिलंय वाच."

खऱ्या ट्रिमच्या चाकाशेजारी इंग्रजीत बारीक अक्षरं होती आणि एक बाण. मी वाचलं. वर जाणारा बाण, आणि त्याच्यापाशी ‘नाक खाली’. भाऊजी म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. ते म्हणाले, परत.

तिसऱ्यांदाही तेच होतं. पहिल्यांदा सगळं बरोबर लागलं होतं. मी उलटं म्हणालो आणि त्यांनी ते उलटं केलं.

भाऊजी ओरडले नाहीत, डोक्याला हात लावला नाही. ते जमिनीवर बसले, जसे उभे होते तसेच, आणि हळू आवाजात एकेक गोष्ट सांगत गेले. पूर्ण जोर देईल. नाक उठेल. ती चाक खाली ओढेल, आमच्या चाकाला तसंच लागतं. नाक आणखी उठेल. तिला वाटेल कमी पडलं, ती आणखी ओढेल. हे बोलताना त्यांचा उजवा हात हवेत फिरत होता.

ताईने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हणाली, फोन करायचा नाही. मॅडम शेजारी बसणार आहेत, त्या सांभाळतील, पोरीचं वाटोळं करू नका. मीही तेच म्हणालो. माझ्या मनात काय होतं ते आता लिहितो: फोन केला तर कारण सांगावं लागेल, आणि कारणात मी आहे. भाऊजी ताईला म्हणाले, दोन फेऱ्या मॅडम शेजारी असतील. तिसरीला कोण असेल. ताईने तोंडावर पदर धरला आणि फोन त्यांना दिला.

त्यांनी लावला. फोन उचलणाऱ्या मुलीने आवाज ओळखला. तिला हसू आवरत नव्हतं. मॅडम मैदानावर आहेत, निरोप ठेवते, म्हणाली आणि ठेवून दिला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना. पाच वेळा ‘लांडगा आला’ करून झालेलं, सहाव्यांदा कोण धावणार.

भाऊजी दुचाकीवर बसत नाहीत. अठ्ठावीस वर्षं बसने कामावर जातात. त्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि म्हणाले, चालव. अकरा किलोमीटर. त्यांच्या हातांनी माझे खांदे इतके घट्ट धरले होते की दुसऱ्या दिवशी निळे डाग दिसत होते. मी एकदा लाल दिव्याला थांबलो तर मागून आवाज आला, कुणी नाही, काढ. हे भाऊजी बोलत होते. मला विमानापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. रस्त्यात दोनदा वर विमानाचा आवाज आला आणि दोन्ही वेळा मी मान वर केली नाही.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं. मी नाव सांगू लागलो, तर तो म्हणाला, "फोनवाले ना?" आणि दात काढले. मी त्याच्याशी हुज्जत घालत होतो तेवढ्यात तारेच्या कुंपणापलीकडे पांढरं विमान उतरलं. अलगद, एकही उडी नाही. भाऊजींनी श्वास सोडला. विमान धावपट्टीच्या कडेला येऊन थांबलं, पण पंखा फिरतच होता. उजवीकडचं दार उघडलं, मॅडम उतरल्या, त्यांनी दार लावलं, दोनदा थोपटलं आणि गवतावरून शेडकडे चालू लागल्या. चाचणी पास झाली होती. विमान वळलं आणि एकटं धावपट्टीच्या टोकाकडे निघालं.

भाऊजी पळाले. पहारेकऱ्याच्या हाताखालून वाकून आत शिरले आणि सरळ गवतातून पळत सुटले, उजवीकडे न डावीकडे न बघता. मी त्यांच्या मागे. मॅडमनी पंजा दाखवला तेव्हा ते त्यांच्यापासून पाच हातांवर थांबले. मॅडमच्या चेहऱ्यावर कंटाळा स्पष्ट दिसत होता.

"मी भीती वाटते म्हणून आलो नाही," भाऊजी म्हणाले. "म्हणजे वाटते. पण माझी चूक झालीय. घरी मी चाक उलटं जोडलंय. सत्तेचाळीस दिवस ती उलटं शिकलीय."

मॅडमनी वळून विमानाकडे पाहिलं. मग म्हणाल्या की पहिल्या फेरीत नाक एकदम खाली गेलं होतं खरं. तिने दांड्याने धरलं, थांबली, चाक दुसरीकडे फिरवलं. मला वाटलं गोंधळली. दुसऱ्या फेरीत चूक केली नाही, म्हणून जाऊ दिलं.

"दोन वेळा बरोबर केलं असेल," भाऊजी म्हणाले. "चारशे-पाचशे वेळा चुकीचं केलंय. माणूस घाबरला की हात कुणाचं ऐकतो, मॅडम? मला विचारा."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझी जीभ, जी एरवी कुणाचं ऐकत नाही, टाळूला चिकटली. विमान धावपट्टीच्या टोकाला पोचलं होतं आणि इंजिनाचा आवाज चढत होता. खऱ्या विमानात लाल बटण नसतं. मॅडमनी कमरेचा वायरलेस तोंडाशी नेला आणि तिला थांबून परत यायला सांगितलं. काही क्षण काहीच झालं नाही. आवाज तसाच चढलेला. माझे डोळे मी मिटून घेतले होते, त्यामुळे तो कधी उतरला ते मला सांगता यायचं नाही.

छोटी विमानातून उतरली आणि तिने बापाला पाहिलं. तिचं तोंड लालबुंद झालं. ती त्यांच्याकडे परत बघेना. मॅडमना म्हणाली, यांना जायला सांगा, मी तयार आहे. मी घाबरलेली नाही, हे घाबरलेत.

मॅडमनी विचारलं, "पहिल्या फेरीत चाक उलटं का फिरवलंस?"

"मी उलटं नाही फिरवलं," छोटी म्हणाली. "या विमानाचं चाक उलटं लागलंय. कालच दुरुस्तीहून आलंय ना ते. उतरल्यावर मेकॅनिकला सांगणारच होते."

"आणि असं विमान तू एकटीने उडवणार होतीस?"

"लक्षात ठेवलं होतं मी, की हे उलटं आहे."

मॅडमचा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षं आकाशात काढलेली बाई, तिचा रंग उतरला. त्या म्हणाल्या, विमानाचं चाक बरोबर आहे. छोटी त्यांच्याकडे बघत राहिली. मग भाऊजींकडे वळली.

"आपलं उलटं आहे," भाऊजी म्हणाले. "मी उलटं जोडलं."

"तुमचं कसं उलटं असेल, बाबा?"

ती रागाने बोलली नाही. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून विचारत होती. हवेत, जमिनीपासून तीनशे मीटरवर नाक खाली गेलं, आणि या पोरीच्या मनात आलं की विमान चुकलं. बाप चुकला असेल असं आलंच नाही. भाऊजी गवतावर खाली बसले आणि दोन्ही तळहात जमिनीला टेकून राहिले, जमीन हलते आहे असं वाटावं तसे. मग मात्र मी बोललो. उलटं आहे असं आधी मी म्हणालो, लेबल मी चिकटवलं, सगळं. कुणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

मॅडमनी तिची जागा काढली नाही. दिवसभर तिला बंद विमानात बसवून तेवढं एक चाक फिरवायला लावलं, आणि पुढचे सात दिवस शेजारी बसून हवेत. आठव्या दिवशी ती एकटी गेली आणि नीट परत आली. भाऊजी त्या दिवशी कामावर होते. फोन केला नाही. नंतर कळलं, एका इमारतीच्या मशीनच्या खोलीत आतून कडी लावून दीड तास बसले होते.

वायरी त्यांनी चाचणीनंतरच्या पहिल्याच रविवारी परत फिरवल्या. मी होतो तिथे. लेबल मी खरवडून काढलं. चाक वर, नाक खाली. चाक खाली, नाक वर. भाऊजींनी आतून हाक मारली, छोटे, जरा येऊन बघ गं, आता बरोबर आहे का. ती बाहेर केस विंचरत होती. तिथूनच म्हणाली, "तुम्ही केलंय ना? मग बरोबरच असणार."

भाऊजींनी बोर्डाची वायर उपटली, पडदा काळा झाला, आणि ते दारात जाऊन उभे राहिले. ती आली नाही तोपर्यंत तिथून हलले नाहीत. ती आली, सीटवर बसली, त्यांनी वायर परत लावली, आणि तिच्या हाताने चाक फिरेपर्यंत ते तिच्याकडे बघत होते.